भरती-ओहोटीच्या प्रदेशातील रेषा : 'द हंग्री टाइड' या कादंबरीतील वन्यजीव, निसर्ग आणि संरक्षणाचा प्रश्न

प्रास्ताविक

अमिताव घोष यांची 'द हंग्री टाइड' ही इंग्रजी कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. पश्चिम बंगालच्या दक्षिण टोकाशी, गंगेच्या मुखाजवळ पसरलेला सुंदरबनचा द्वीपसमूह हे तिचे स्थळ होय. पर्यावरणवादी समीक्षेच्या अध्यापनात या कादंबरीला महत्त्वाचे स्थान मिळाले असून तिच्यावरील लेखनही विपुल आहे. या लेखनाचा बराचसा भाग दोन ठरावीक निष्कर्षांपाशी येऊन थांबतो. पहिला निष्कर्ष असा की, ही कादंबरी निसर्ग आणि मानव यांच्या सहजीवनाचा पुरस्कार करते. दुसरा असा की, वन्यजीव-संरक्षणाच्या नावाखाली विस्थापितांवर झालेल्या अन्यायाला ती वाचा फोडते. हे दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. मात्र ते शेजारी शेजारी मांडून भागत नाही. वाघ आणि विस्थापित यांचा दावा एकाच भूभागावर आहे आणि कथानक पुढे न्यायचे तर लेखकाला त्या दाव्यांचा काही एक निवाडा करावा लागतो. कादंबरी हा निवाडा कसा करते आणि तो तिच्या स्वतःच्या आशयाशी कितपत सुसंगत आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या तपासणीसाठी 'रेषा' ही कल्पना आधारभूत मानली आहे. राष्ट्रीय उद्यान ही प्रथमतः नकाशावर आखलेली एक रेषा असते. रेषेच्या आत वन्यजीव, बाहेर माणूस, अशी ती विभागणी असते. परंतु जेथे दिवसातून दोन वेळा जमीन पाण्याखाली जाते आणि दोन वेळा वर येते, तेथे अशा रेषेचा अर्थ काय, हा प्रश्न या कादंबरीच्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगामागे उभा आहे.

सुंदरबनचे भौगोलिक व वैधानिक स्वरूप

भारतीय हद्दीतील सुंदरबनात एकूण १०२ बेटे मोजली जातात. त्यांपैकी ५४ बेटांवर मनुष्यवस्ती असून उर्वरित बेटे वनाच्छादित आहेत. वस्तीच्या बेटांभोवती मातीचे बांध घातलेले असतात. भरतीच्या वेळी नदीचे पाणी बांधापलीकडील शेतजमिनीहून उंच चढते, त्यामुळे बांध फुटणे म्हणजे खारे पाणी शेतात शिरून काही वर्षांचे पीक जाणे होय. वनाच्छादित बेटांवर सुंदरी, गेवा, गोरान, केवडा, हेंताल, गर्जन या वनस्पती वाढतात. चिखलातून वर आलेली त्यांची टोकदार श्वासमुळे हे या भूदृश्याचे सर्वांत ठळक लक्षण आहे. कोकणातील खाजणे आणि तिवरांची बने ज्याने पाहिली आहेत, त्याला सुंदरबनाची ओळख काही अंशी पटेल; परंतु वाघ राहतो अशी खारफुटी त्याच्या अनुभवात नसते. मराठी वाचकाच्या मनातील वाघाचे रान हे नागझिरा, ताडोबा, मेळघाट यांसारखे कोरड्या जमिनीवरील रान आहे. तेथे पायवाटा असतात, पाणवठे असतात आणि उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो. सुंदरबनाचा वाघ खाऱ्या पाण्यातून पोहत एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातो. त्याच पाण्यात मगरी, इरावती डॉल्फिन, गंगेतील डॉल्फिन आणि नदीकासवे असतात. त्याच पाण्यात माणसेही मासे आणि खेकडे धरतात.

या प्रदेशावर वैधानिक रेषा टप्प्याटप्प्याने उमटली. १९७३ साली येथे व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. १९८४ साली त्यातील सुमारे १,३३० चौरस किलोमीटरचा गाभा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आणि १९८७ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र ते शिल्लक राहत नाहीत. त्यामुळे उद्यानाच्या गाभ्यात मासेमारी करणारा कोळी किंवा मध गोळा करणारा मौले हा कायद्याच्या दृष्टीने घुसखोर ठरतो. अशा माणसाचा वाघाने बळी घेतला तर त्याच्या विधवेला भरपाई मिळणे दुरापास्त होते आणि मृत्यू कोठे झाला हे सांगणेदेखील तिला कठीण जाते. वाघ वस्तीत येऊ नयेत म्हणून जंगलाच्या कडेने नायलॉनच्या जाळ्यांचे कुंपणही उभारले गेले आहे. कागदावरील रेषा अशा रीतीने चिखलात रोवली गेली. कादंबरीच्या निसर्गचित्रणाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

ओहोटीची भूमी

कादंबरीचे दोन भाग 'भाटा' आणि 'जोआर', म्हणजे ओहोटी आणि भरती, या नावांनी ओळखले जातात. बंगालीत या प्रदेशाला 'भाटीर देश' म्हणतात, याकडे कादंबरी आवर्जून लक्ष वेधते. भरतीने हा प्रदेश पाण्याखाली जातो, ओहोटीने तो जन्म घेतो, म्हणून त्याचे नाव ओहोटीवरून पडले. या एका निरीक्षणात घोष यांच्या भूदृश्यविषयक दृष्टीचे सार आहे. येथे जमीन ही दिलेली वस्तू नाही. ती दर सहा तासांनी घडत आणि मोडत असते.

निसर्गदृश्याचे वर्णन ही कादंबरीत बहुधा सजावटीची बाब ठरण्याची शक्यता असते. घोष यांनी हा धोका टाळला आहे. त्यांच्या वर्णनात रम्यता फारशी आढळत नाही. मांडीपर्यंत पाय ओढून घेणारा चिखल, नजर पुढे जाऊ न देणारी पानांची भिंत आणि कोणत्याही खुणेवाचून एकसारखे दिसणारे जलमार्ग हे तपशील पुन्हा पुन्हा येतात. पाहुण्याला येथे पाहण्यासारखे काही नाही, असाच अनुभव प्रथम येतो. दिल्लीत भाषांतर संस्था चालविणारा कनाई दत्त गर्जनतला बेटाच्या चिखलात पडतो आणि आपल्या वाटाड्यावर, फोकिरवर, शिव्यांचा वर्षाव करतो. त्या क्षणी त्याचे शिक्षण, सहा भाषांचे ज्ञान आणि नागरी सभ्यता सर्व गळून पडते. भूदृश्य येथे पात्राची परीक्षा घेते. जमिनीवर उभे राहता येणे हा ज्याचा गृहीत अधिकार आहे, त्याच्या पायाखालून कादंबरी ती जमीनच काढून घेते.

निर्मल या निवृत्त मुख्याध्यापकाच्या टिपणवहीतून येणारी कॅनिंग बंदराची हकिगत याच सूत्राला ऐतिहासिक आधार देते. 'सायक्लोन' हा शब्द घडविणारे हेन्री पिडिंग्टन यांनी मातला नदीच्या काठी बंदर उभारू नये असा इशारा दिला होता. तो दुर्लक्षिला गेला आणि १८६७ च्या वादळाने त्या बंदराची वाताहत केली. सत्तेने आखलेली रेषा पाणी मानत नाही, हा धडा कादंबरी इतिहासातून देते. सर डॅनियल हॅमिल्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गोसाबा परिसरात वसविलेल्या सहकारी वसाहतीचा इतिहासही तिने आपल्या कल्पित लुसिबारी बेटाच्या पायाशी घेतला आहे. जातिभेद आणि सावकारी यांपासून मुक्त असा समाज या बेटांवर उभा करण्याचे ते स्वप्न होते. खारे पाणी, वाघ आणि भूक यांनी त्या स्वप्नाची मर्यादा दाखवून दिली.

वाघ आणि डॉल्फिन

कादंबरीतील वन्यजीवांच्या चित्रणात एक अर्थपूर्ण विषमता आहे. डॉल्फिन वाचकाला वारंवार दिसतात. वाघ जवळजवळ दिसतच नाही. सिएटलमध्ये वाढलेली सागरी सस्तन प्राण्यांची अभ्यासक पिया रॉय इरावती डॉल्फिनच्या शोधात येते. गर्जनतलाजवळच्या एका खोल डोहात हे प्राणी ओहोटीच्या वेळी जमतात आणि भरतीला पांगतात, हे तिच्या ध्यानात येते. अन्यत्र ऋतूंनुसार घडणारे स्थलांतर या प्राण्यांनी येथे एका दिवसाच्या भरती-ओहोटीत बसविले असावे, असे अनुमान ती बांधते. विज्ञानाची कार्यपद्धती कथानकाचा भाग बनविणारे असे प्रसंग भारतीय कादंबरीत फार थोडे आहेत. निरीक्षण, नोंद, अनुमान आणि त्यातील आनंद यांचे चित्रण घोष यांनी कोणताही अलंकार न वापरता केले आहे.

वाघाचे अस्तित्व मात्र पाऊलखुणा, भय आणि मौन यांतून व्यक्त होते. बेटांवर त्याचे नाव उच्चारले जात नाही, कारण नाव घेणे म्हणजे त्याला बोलावणे. ही समजूत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. रात्री सापाचे नाव न घेता 'जनावर' म्हणण्याची रीत आणि सह्याद्रीच्या परिसरातील वाघोबाची पूजा यांच्यामागे हीच भीतियुक्त आदराची जाणीव आहे. डॉल्फिन हा ज्ञानाचा विषय आहे आणि वाघ हा सहवासाचा प्रश्न आहे, अशी ही विभागणी दिसते. डॉल्फिनवर प्रेम करण्यासाठी कोणाला काही गमवावे लागत नाही. वाघाचे तसे नाही.

ही विषमता एका प्रसंगात स्फोटक होते. गावात शिरून गुरांच्या गोठ्यात अडकलेल्या वाघाला गावकरी आंधळे करतात आणि जिवंत जाळतात. पिया त्याला वाचविण्यासाठी धावते. ज्या फोकिरला ती निसर्गाशी एकरूप झालेला माणूस समजत आली, तो मात्र त्या जमावात असतो. मनुष्यवस्तीत येणारा वाघ मरण मागायला आलेला असतो, अशी त्याची धारणा आहे. त्यानंतर कनाई आणि पिया यांच्यात होणारा वाद हा कादंबरीचा वैचारिक मध्य होय. माणसांना मोजावी लागणारी किंमत झाकून ठेवून संरक्षणाची मोहीम चालविणारे परदेशी अभ्यासक आणि त्यांच्या मर्जीसाठी गप्प राहणारे आपल्यासारखे सुखवस्तू भारतीय, असे दोघेही या भीषणतेला जबाबदार आहेत, हे कनाईचे म्हणणे. एखादी प्रजाती संपविण्याचा अधिकार माणसाने एकदा स्वतःकडे घेतला की, पुढची पाळी दुर्बळ माणसांचीच येईल, हे पियाचे म्हणणे. घोष यांनी दोघांनाही पूर्ण बळ दिले आहे. तथापि, ज्यांच्या जिवाविषयी हा वाद चालला आहे ते गावकरी या संवादात नाहीत आणि वाद ज्या भाषेत होतो ती इंग्रजी त्यांना येत नाही, ही बाब नजरेआड करता येत नाही.

मरिचझापी : रेषेची किंमत

ज्यांना त्या संवादात स्थान नाही, त्यांच्यातील एका व्यक्तीचा आवाज निर्मलच्या वहीतून येतो. ती फोकिरची आई कुसुम होय. १९७८ साली दंडकारण्यातील वसाहतींमधून पूर्व बंगालचे हजारो निर्वासित सुंदरबनात आले आणि मरिचझापी बेटावर स्थायिक झाले. यांतील बहुसंख्य कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींचे होते. दंडकारण्य हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या काही वसाहती गडचिरोली परिसरातही झाल्या आणि तेथील शाळांतून बंगाली भाषा टिकून राहिली. मरिचझापीवर या लोकांनी बांध घातले, शाळा काढली, दवाखाना उभारला. बेट राखीव वनाचा भाग असल्याचे कारण देऊन शासनाने जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात वसाहत बळाने उठविली. उपासमार, रोगराई आणि गोळीबार यांत किती माणसे दगावली, याविषयी आजही मतभेद आहेत. रॉस मलिक यांनी १९९९ साली आणि अनू जलैस यांनी २००५ साली आपल्या शोधनिबंधांतून या घटनेचा विचार केला. जलैस यांच्या निबंधानुसार, तेव्हापासून वाघांनाच नागरिकत्व मिळाले आणि आपण त्यांचे भक्ष्य ठरलो, अशी भावना बेटवासीयांत रुजली.

कादंबरीत कुसुम सांगते की, भूक-तहानेपेक्षा अधिक यातना ध्वनिवर्धकावरून येणाऱ्या घोषणांनी दिल्या. हे बेट झाडांसाठी आणि प्राण्यांसाठी राखून ठेवले आहे, जगभरचे लोक त्यासाठी पैसा देतात, असे त्या घोषणा सांगत होत्या. हे लोक कोण, आपल्यासारखी माणसे येथे मरत आहेत हे त्यांना ठाऊक आहे काय, असा प्रश्न तिला पडतो. कादंबरीतील हा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. रेषेच्या आत असलेल्या प्राण्याची किंमत रेषेच्या बाहेर टाकलेल्या माणसापेक्षा अधिक का, हे विचारणारी कुसुम त्या वेढ्यातून जिवंत सुटत नाही. तिचा मुलगा फोकिर तेव्हा पाच वर्षांचा असतो.

बनबीबीची रेषा आणि दोन दोऱ्या

कादंबरीत रेषेची आणखी एक कल्पना आहे आणि ती लोककथेतून येते. बनबीबी ही अरबस्तानातून आलेली वनदेवता. तिने वनाचा स्वामी दक्षिण राय याचा पराभव केला, परंतु त्याला हाकलून दिले नाही. प्रदेशाची वाटणी करून अर्धा भाग तिने त्याच्याकडे राखला आणि अर्धा माणसांच्या वस्तीसाठी मोकळा केला. दुखे नावाच्या गरीब मुलाला धोना हा लोभी नातलग मध आणि मेण यांच्या मोबदल्यात दक्षिण रायच्या स्वाधीन करतो आणि बनबीबी त्या मुलाचे रक्षण करते. ही कथा सांगणारी पोथी बंगालीत असूनही अरबी ग्रंथाप्रमाणे उजवीकडून उलगडते. हिंदू आणि मुसलमान असे दोघेही वनात शिरण्यापूर्वी बनबीबीचे स्मरण करतात.

या कथेतही रेषा आहे, हे समीक्षकांकडून पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. राष्ट्रीय उद्यान माणसाला विचारते : 'तुझ्याकडे परवाना आहे काय?' बनबीबीची कथा विचारते : 'तू किती घेणार आहेस?' पहिली रेषा जमिनीवर आहे, दुसरी माणसाच्या हव्यासावर. पहिली ओलांडली की गरीब माणूस गुन्हेगार ठरतो. दुसरी ओलांडणारा धोना हा सात जहाजे बाळगणारा व्यापारी आहे. रेषेची आवश्यकता लोकपरंपरेलाही मान्य होती, फरक ती कोठे काढावी यात होता. त्यामुळे ही कादंबरी सीमाविहीन सहजीवनाचे गीत गाते, हे मत स्वीकारणे कठीण जाते.

या दोन रेषांच्या मध्ये कादंबरीत एक सुंदर प्रसंग आहे. पिया डोहाची खोली मोजण्यासाठी होडीतून समांतर रेषांत ये-जा करू इच्छिते. फोकिर खेकडे धरण्यासाठी आमिष आणि कौलांचे तुकडे बांधलेली लांब दोरी पाण्यात सोडतो. त्याला त्याच दोरीवरून सरळ ये-जा करावी लागते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरीही एकाच फेरीत दोघांचेही काम होते. एकाचे ज्ञान आणि दुसऱ्याची उपजीविका एकाच रेषेवर चालू शकतात, एकाला दुसऱ्याच्या वाटेतून दूर करावे लागत नाही, हे घोष येथे कोणतेही भाष्य न करता दाखवून देतात. संरक्षणाचा न्याय्य मार्ग कोणता असू शकेल, याचे कादंबरीने दिलेले हे सर्वांत विश्वसनीय उत्तर होय.

फोकिरचा मृत्यू आणि कादंबरीचा निवाडा

असे असताना कादंबरीचा शेवट मात्र या उत्तरापासून दूर जातो. चक्रीवादळात पिया आणि फोकिर गर्जनतला बेटावर अडकतात. फोकिर तिला झाडाला बांधतो, स्वतःच्या शरीराची ढाल करतो आणि वाऱ्याबरोबर उडत आलेल्या झाडाच्या बुंध्याचा आघात होऊन मरण पावतो. वादळाच्या मध्यावरील शांततेत दोघांना दूरवर वाघ दिसतो. वाघ वाचतो, पिया वाचते, फोकिर मरतो. पुढे पिया लुसिबारीला परत येते. फोकिरने तिला दाखविलेले सर्व जलमार्ग तिच्या उपग्रहाधारित स्थाननिर्देशक यंत्रात नोंदले गेलेले असतात. त्यांच्या आधारे स्थानिक मच्छीमारांच्या सहभागाने संशोधन प्रकल्प सुरू करावा आणि त्याला फोकिरचे नाव द्यावे, असे ती ठरवते. फोकिरच्या पत्नीसाठी घर आणि मुलाच्या शिक्षणासाठी पैसाही ती उभा करते.

या शेवटाचे समर्थन करता येते. पिया बदलली आहे. स्थानिकांची संमती आणि सहभाग यांवाचून काम करणार नाही, हा तिचा निर्णय प्रामाणिक आहे. बाहेरून येणारे विज्ञान बादाबन न्यासासारख्या स्थानिक संस्थेच्या आश्रयाला येते, हाही महत्त्वाचा बदल आहे. तथापि, काही प्रश्न शिल्लक राहतात. ज्या कादंबरीने कुसुमच्या तोंडून संरक्षणासाठी माणसाचा बळी देण्याचा निषेध केला, तीच कादंबरी कुसुमच्या मुलाचे शरीर संरक्षण-शास्त्रज्ञाची ढाल म्हणून वापरते. आईचा मृत्यू हा अन्याय म्हणून नोंदला जातो, मुलाचा मृत्यू मात्र त्याग म्हणून उजळून निघतो. दोन्ही मृत्यूंनंतर बेटावर उरते ते इतरांचे काम.

फोकिरच्या वाणीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. बनबीबीची संपूर्ण कथा त्याला मुखोद्गत आहे. परंतु वाचकापर्यंत ती कनाईच्या भाषांतरातून पोहोचते. डोहांचे ज्ञान त्याच्या डोळ्यांत आणि हातांत आहे. ते पियाच्या यंत्रातून पोहोचते. निर्मलची वही पुरात वाहून जाते, तरी कनाई ती स्मरणातून पुन्हा लिहू शकतो. फोकिरच्या ज्ञानाला मात्र असा दुसरा जन्म केवळ दुसऱ्याच्या उपकरणातच मिळतो. प्रकल्पाला त्याचे नाव मिळते, पण प्रकल्पाविषयी त्याचे मत कोणीच विचारलेले नसते. येथे त्याची पत्नी मोयना हिचे स्मरण होणे आवश्यक आहे. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मोयनाला मासेमारीत भविष्य दिसत नाही आणि मुलाने शिकावे असे तिला वाटते. फोकिरचे उदात्तीकरण करणाऱ्या समीक्षेने मोयनाच्या या रोखठोक विचाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. कादंबरीने ते ध्यानात घेतले आहे, ही तिच्या प्रामाणिकपणाची खूण होय. पण शेवटी तिचा विचारही देणगीच्या रकमेत मिटून जातो.

'गन आयलंड'ची साक्ष

वरील आक्षेप केवळ समीक्षकाचा नाही, याचा पुरावा घोष यांच्याच उत्तरकालीन लेखनात मिळतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'गन आयलंड' या कादंबरीत पिया, नीलिमा आणि मोयना पुन्हा भेटतात. दरम्यान मे २००९ मध्ये आयला वादळाने सुंदरबनाचे बांध फोडले, शेते खारट झाली आणि कामाच्या शोधात तरुणांनी बेटे सोडली. पियाचे डॉल्फिन आता कारखान्याच्या सांडपाण्याने त्रस्त आहेत. त्यांचा एक कळप किनाऱ्याला लागून मरतो. फोकिरचा मुलगा तुतुल आता 'टिपू' झाला आहे. पियाने त्याच्या शिक्षणासाठी जे केले, त्याने त्याचे समाधान झालेले नाही. तो बेटावर थांबत नाही. माणसांना सीमापार नेणाऱ्या दलालांच्या व्यवहारात तो शिरतो आणि अखेरीस भूमध्य समुद्रातील निर्वासितांच्या नौकेवर दिसतो.

म्हणजे पहिल्या कादंबरीने फोकिरचे ऋण घर, शिक्षण आणि प्रकल्पाचे नाव यांनी फेडले असे वाचकाला वाटले होते. पंधरा वर्षांनंतर लेखकाने ते फिटलेले नसल्याचे दाखविले. आजी निर्वासितांसोबत मरिचझापीला आली आणि नातू निर्वासित म्हणून बाहेर पडला. मधल्या पिढीतील फोकिर हा एकटाच या भूमीवर घर करून राहिला होता. 'गन आयलंड'मध्ये डॉल्फिनचे मरण आणि टिपूचे स्थलांतर एकाच कारणसाखळीत येतात. उद्यानाची रेषा डॉल्फिनला नदीच्या वरच्या अंगाने येणाऱ्या विषापासून वाचवू शकत नाही आणि बेटवासीयाला समुद्रापासूनही वाचवू शकत नाही. नोव्हेंबर २०१९ मधील बुलबुल आणि मे २०२० मधील अम्फान या वादळांनी या निदानाला दुर्दैवी दुजोरा दिला. २०२१ साली घोष यांनी 'जंगल नामा' या पद्यकृतीत बनबीबीची कथा स्वतंत्रपणे मांडली. हव्यासाला मर्यादा घालणाऱ्या त्या जुन्या रेषेकडे ते पुन्हा वळले, यात त्यांच्या विचाराची दिशा स्पष्ट होते.

निष्कर्ष

'द हंग्री टाइड'ने सुंदरबनाच्या वन्यजीवांना आणि भूदृश्याला भारतीय कादंबरीत जे स्थान दिले, ते अपूर्व आहे. चिखल, भरती-ओहोटी, वाघाचे अदृश्य अस्तित्व आणि डॉल्फिनचा दैनंदिन क्रम यांच्याशिवाय तिचे कथानक उभेच राहू शकत नाही. जमीन स्थिर असल्याचे गृहीत धरणाऱ्या संरक्षण-धोरणावर तिने केलेली टीका निसर्गचित्रणातूनच सिद्ध होते. मात्र तिच्या शेवटात स्थानिक माणसाच्या मृत्यूला अर्थ देण्याची घाई आहे आणि त्या घाईत तिने स्वतःच उपस्थित केलेला कुसुमचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

म्हणून ही कादंबरी वर्गात शिकविताना 'सहजीवन' या शब्दापाशी थांबणे पुरेसे नाही. रेषा कोण आखतो, ती कोणाच्या पायाखालून जाते आणि ती ओलांडल्याची किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास कादंबरीचे बळ आणि तिची उणीव दोन्ही प्रकट होतील. सुंदरबनातील वाघांची संख्या अलीकडच्या गणनेनुसार शंभराच्या आसपास आहे, ही समाधानाची बाब आहे. ते वाघ राहावेत असे मोयनालाही वाटावे, अशी व्यवस्था उभी राहीपर्यंत खेकड्यांच्या दोरीवर दोघांनी मिळून केलेली ती एक फेरी हेच या कादंबरीचे सर्वांत मौलिक संचित ठरते.